अध्यक्षांच्या घरचं पाणी

७ फेब्रुवारी

संस्थेच्या ताईंनी समितीतल्या सगळ्यांना एकेक वही दिली आणि म्हणाल्या, जमेल तेव्हा लिहीत जा. काय झालं, काय चुकलं, मनात काय आलं. मी विचारलं, "दाखवायचं कुणाला?" म्हणाल्या, "कुणालाच नाही." मग लिहायचं तरी कशाला, हे विचारायचं राहून गेलं. असो. वही घेतली आहे तर लिहितो.

आजची बातमी म्हणजे मी वस्तीच्या पाणी आणि स्वच्छता समितीचा अध्यक्ष झालो. झालो कसला, केला गेलो. सभेत सगळे एकमेकांना "तुम्ही व्हा, तुम्ही व्हा" करत होते आणि मी खाली मान घालून शाळेच्या गणवेशांना बटणं लावत होतो. वर बघतो तर सगळ्यांचे हात वर. मास्तर म्हणाले, "कुणाचा विरोध?" माझ्या तोंडात सुई. बोलणार कसा?

शाळेतून रिटायर झालेले मास्तर सचिव झाले. पिठाच्या चक्कीवाल्या वहिनी सभासद, एक प्लंबर आणि आणखी दोघं-तिघं आहेत. संस्था वस्तीत नळ आणणार, संडास बांधणार आणि डिसेंबरात गाशा गुंडाळणार. पुढे सगळं आम्हीच चालवायचं. ताई आम्हाला ते शिकवणार.

घरी येऊन हिला सांगितलं. ही हसत सुटली. "लोकांचे कपडे कधी वेळेवर दिले नाहीत, आता पाणी देणार!" अध्यक्षाची घरात ही किंमत.

१६ फेब्रुवारी

पहिलं प्रशिक्षण. ताईंची शिकवायची तऱ्हा निराळीच. काहीही विचारलं की म्हणतात, "तुम्हाला काय वाटतं?" मास्तरांनी तर डोक्याला हात लावला. "अहो, आम्हाला वाटत असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं!" ताई हसल्या, पण उत्तर दिलं नाहीच. म्हणाल्या, मी जाणार आहे, तुम्ही राहणार आहात. निर्णय तुम्ही घ्यायचे, चुकले तरी तुमचे. मला पटलं ते.

मग जमिनीवर खडूनं वस्तीचा नकाशा काढायला लावला. आम्ही पुरुषांनी रस्ता काढला, दुकानं काढली, टँकर थांबतो ती जागा काढली. चक्कीवाल्या वहिनींनी खडू घेतला आणि बंद पडलेल्या कारखान्याची भिंत काढली. "ही आमची जागा. पहाटे अंधारात जायचं, नाहीतर रात्री." कुणीतरी खुदकन हसलं. ताईंनी विचारलं, "आणि दिवसा?"

"दिवसा पाणीच पीत नाही," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे प्रश्नच मिटला."

मास्तर उगाच खडूचा चुरा झटकत बसले.

घरी हिला सांगितलं, वहिनी असं असं म्हणाल्या. ही भांडी घासत होती. "मग? त्यात नवीन काय सांगितलं त्यांनी?" म्हणाली. जेवताना माझा पेला दोनदा भरला, तिचा तसाच. पण हिचं वेगळं आहे. हिला मुळात तहानच कमी. लग्न झाल्यापासून बघतोय.

२२ मार्च

आज खडाजंगी. संस्थेचं म्हणणं, या वर्षी दोन्ही कामं होतील, पण आधी कोणतं ते तुम्ही ठरवा. नळ की संडास? वहिनी आणि दुसरी एक बाई संडास म्हणाल्या, मास्तर आणि प्लंबर नळ म्हणाले. सगळी माझ्याकडे बघायला लागली. ताईंकडे बघितलं तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या, मुद्दाम.

मी नळ म्हटलं. पाणी आधी. पाण्याशिवाय संडास तरी काय कामाचा? मुद्दा बिनतोड होता. वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला काय, भिंतीकडे तोंड केलं की झालं." मी त्यांच्या तोंडाला लागलो नाही.

हिला सगळं सविस्तर सांगत होतो तर ही भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रुसली असेल म्हटलं. मग कळलं, पाठ दुखते. थंडी वाजून थोडा तापही होता. अधूनमधून येतो तिला. कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळ्या आणल्या, पाठ शेकून दिली. सकाळी उठून कामाला लागली. काटक आहे ही.

१९ मे

नळ आला!

आमच्या दुकानासमोरच खांब उभा केलाय, तीन तोट्या. सकाळी पाणी सुटलं तेव्हा आधी नुसती हवा फुसफुसली, आणि मास्तर लगेच "मी म्हटलंच होतं" म्हणाले. मग धो धो. पोरं खाली डोकी घालून भिजली. वहिनींनी चक्की बंद ठेवली, म्हणजे बघा. कुलूप कुणी लावायचं, तोटी गळली तर कुणी बघायचं, सगळं आम्ही आधीच ठरवलेलं होतं, एकही भांडण झालं नाही. ताई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. मी म्हटलं, "ताई, आता तुम्ही गेलात तरी चालेल." तर त्यांचे डोळे भरून आले. मी चेष्टा केली होती.

हिनं तोंड धुतलं, मानेवर पाणी घेतलं. मी म्हटलं, "अगं पी की! नवऱ्यानं आणलेलं पाणी आहे." एक घोट प्यायली. "गोड आहे," म्हणाली आणि तोटी बंद केली. मी म्हटलं, आणखी पी. तर म्हणाली, "सकाळचे नऊ वाजलेत अहो, अख्खा दिवस काढायचाय." कामाचा डोंगर होता तिच्यापुढे, खरंच.

११ जुलै

संडासाचं काम जोरात. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मध्ये भिंत, वर उजेडाला जाळी. बायकांच्या बाजूला आतून कडी हवी की नको यावर वहिनी गवंड्याशी भांडल्या आणि जिंकल्या. गवंडी मला म्हणतो, "अध्यक्ष तुम्ही की त्या?"

हिच्या चपला पायात शिरेनात. पाय सुजलेत. उन्हाळाभर उभं राहून काम, दुसरं काय. मी पट्टे उसवले आणि रुंद कापड घालून पुन्हा शिवून दिले. असं बेमालूम काम झालंय की जोड दिसत नाही. घालून बघितल्या, म्हणाली, "सूज उतरली की ढगळ होतील." मी म्हटलं, मग पुन्हा उसवू. आपल्या घरचा शिंपी आहे.

१ सप्टेंबर

बांधकाम पूर्ण. पाणी जोडलं, पांढऱ्या फरशा, दारं निळी. बघत राहावं असं झालंय.

संध्याकाळी बैठक. पलीकडच्या वस्तीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तिथे बांधून झालं त्याच दिवशी लोक घुसले, सफाईचं काही ठरलं नव्हतं, महिन्याभरात दारं मोडली आणि आता तिथे कुत्रीसुद्धा जात नाहीत. तसं आपल्याकडे होऊ द्यायचं नाही. म्हणून एकमतानं ठराव केला: सफाईच्या पाळ्या घरोघरी मान्य होईपर्यंत आणि पालिकेच्या मोठ्या साहेबांच्या हस्ते उद्घाटन होईपर्यंत कुलूप उघडायचं नाही. आधी नियम, मग वापर. एकमतानं म्हणजे वहिनी गप्प होत्या. किल्ल्या अध्यक्षांकडे.

मास्तरांनी ठराव वाचून दाखवला तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं. फेब्रुवारीत आम्हाला सभा कशी बोलवायची ते माहीत नव्हतं.

१४ सप्टेंबर

पाळ्यांवरून रोज वाद. वरच्या गल्लीचे म्हणतात आमच्या घरी माणसं कमी, खालच्या गल्लीचे म्हणतात आम्ही लांब राहतो. साहेबांच्या ऑफिसातून निरोप, या आठवड्यात जमणार नाही.

दुपारी शिवत बसलो होतो. ही मशीनजवळ येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पिवळा पडला होता. हळूच म्हणाली, "अहो, ती किल्ली द्या ना जरा. रस्त्यावर कुणी नाही. पटकन जाऊन येते."

मी म्हटलं, "अगं, काय बोलतेस? नियम म्हणजे नियम. अध्यक्षाच्या बायकोनंच पहिला मोडला तर उद्या लोकांना कुठल्या तोंडानं सांगू?"

"बरं," म्हणाली. आत गेली. समजूतदार आहे. दुसरी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं.

२१ सप्टेंबर

ताई आल्या होत्या. त्यांना किल्लीचा किस्सा सांगितला, म्हटलं बघा, घरापासून सुरुवात केली. मला वाटलं शाबासकी देतील. त्या एकदम गंभीर झाल्या. "घरी त्यांना बरं नाहीये का?" मी म्हटलं, पाठ दुखते, पाय सुजतात, जेवण जात नाही, बाकी काही नाही. म्हणाल्या, "डॉक्टरकडे न्या. उद्याच न्या." मी हिला सांगितलं, तर हीच म्हणाली, "तुमचं उद्घाटन होऊ द्या, मग जाऊ. एवढं काही झालेलं नाही." तिचंही बरोबर आहे, मला तरी आत्ता कुठे वेळ आहे.

२४ सप्टेंबर

आजची बैठक लिहून ठेवण्यासारखी आहे.

ताई सुरुवातीलाच उभ्या राहिल्या. इतक्या महिन्यांत त्यांनी कधी स्वतःहून काही सांगितलं नव्हतं. आज म्हणाल्या, "माझं ऐका. कुलूप आजच काढा. उद्घाटन होईल तेव्हा होईल, पाळ्या ठरतील तेव्हा ठरतील. बायका अजून भिंतीमागे जातायत आणि पूर्ण झालेला संडास बंद आहे." वहिनी म्हणाल्या, "मी पहिले पंधरा दिवस एकटी झाडते, पण उघडा."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मास्तरांनी चष्मा पुसला. "ताई, राग मानू नका. पण निर्णय समितीचा आहे. तुम्हीच म्हणता."

मीसुद्धा म्हटलं, "डिसेंबरनंतर तुम्ही नसणार. मग आम्ही कुणाचं ऐकायचं?"

ताईंनी हातातल्या कागदाची घडी केली. मग खाली बसल्या. वहिनी उठून निघून गेल्या. मत घेतलं, ठराव कायम राहिला.

घरी येताना मास्तर म्हणाले, "आज खऱ्या अर्थानं पायावर उभे राहिलो आपण." मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

९ ऑक्टोबर

साहेबांनी तारीख दिली. एकदाची! बाहेरच्या पाटीवर घालायला निळा पडदा शिवतोय, दोरी ओढली की बाजूला होईल असा. ही कापड धरायला बसली होती, तर तिथेच ओकली. नुसतं पिवळं पाणी. म्हणाली, पित्त झालंय.

१२ ऑक्टोबर

हॉस्पिटलात लिहितोय. परवा सकाळी ही उठलीच नाही. हाक मारली तर मला ओळखेना, "बाबा, टँकर आला का?" विचारत होती, तिच्या वडिलांना जाऊन किती वर्षं झाली. चक्कीवाल्या वहिनी आणि मी रिक्षात घालून आणलं. सासरहून लेक रात्रीच्या गाडीनं आली.

किडन्या. दोन्ही.

१५ ऑक्टोबर

हिला आता सगळं कळतंय. मशीनवर घातलं होतं. माझंही आयुष्य मशीनवरच गेलं, पण हे असलं कधी बघितलं नव्हतं. अंगातलं सगळं रक्त नळीतून बाहेर जातं आणि परत येतं.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. हिच्या खाटेवर बसून विचारलं, "काकू, पाणी कमी पिता का?"

"हो."

"लघवी दाबून ठेवता?"

"हो."

"कधीपासून?"

ही म्हणाली, "लग्न होऊन त्या वस्तीत आले तेव्हापासून. दिवसा जायला जागा नाही ना तिथे." कुणाला पत्ता सांगावा तसं सांगितलं. तक्रार नव्हती त्यात. मी बाजूलाच उभा होतो. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, ते बरं केलं.

ते मधूनमधून येणारे ताप म्हणजे आत संसर्ग होत होता. सूज म्हणजे हेच होतं. आणि मी बसलो होतो चपलांचे पट्टे रुंद करत.

बाहेर गाठून त्यांना विचारलं, महिनाभर आधी आणलं असतं तर? म्हणाल्या, "आणायला हवंच होतं. पण हे महिन्याभरात झालेलं नाही, काका. वर्षानुवर्षांचं आहे." यानं मला बरं वाटायला हवं होतं की काय, कळलं नाही. वर्षानुवर्षं तरी मीच होतो ना घरात. रोज रात्री समोरासमोर जेवायला बसत होतो.

मला वाटायचं हिला तहानच कमी.

१६ ऑक्टोबर

वहिनी डबा घेऊन आल्या. डबा ठेवला आणि हात पुढे केला. "किल्ली."

खिशातच होती. दिली. म्हणाल्या, "आणि तुमचा ठराव?" मी म्हटलं, "गेला खड्ड्यात." मग मला रडू फुटलं, तिथेच कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांसमोर. वहिनींनी मला बाकावर बसवलं आणि शेजारी बसून राहिल्या. त्या वेळी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ नोव्हेंबर

उद्घाटन. मी जाणार नव्हतो, लेकीनं ढकललं. साहेबांनी दोरी ओढली, पडदा छान सरकला. संडास तर पंधरा दिवस आधीच चालू होता, बायका रांगेत उभ्या होत्या आणि साहेबांना त्यांच्यातून वाट काढत आत जावं लागलं. पाळ्यांचंही सगळं सुरळीत. उघडल्यावर दोन दिवसांत आपोआप ठरल्या. इतके दिवस भांडत होतो कशावर?

साहेब भाषणात म्हणाले, ही समिती आदर्श आहे, अध्यक्षांनी स्वतःच्या घरच्यांनाही नियमातून सूट दिली नाही. मास्तरांनी सांगितलं असणार, चांगल्या मनानंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांच्या बाजूनं एकही टाळी आली नाही.

२३ नोव्हेंबर

ही घरी आली आहे. आठवड्यातून दोनदा मशीनवर न्यायचं. वजन निम्मं झालंय.

आज म्हणाली, "चला, तुमचा संडास बघून येऊ." हात धरून नेलं. बायकांनी वाट दिली. मी बाहेर थांबलो. बराच वेळ झाला तशी मला भीती वाटायला लागली. वहिनींना म्हटलं, जरा बघता का. तेवढ्यात कडी वाजली आणि ही बाहेर आली.

"छान आहे हो," म्हणाली. "वरून उजेड येतो."

वाटेत विचारलं, "झाली?"

"नाही. आता होतच नाही फारशी. नुसती बसले होते." थोडं चालल्यावर म्हणाली, "कुणी येईल, कुणी बघेल, काही नाही. बसावंसं वाटलं."

५ डिसेंबर

ताईंचा निरोप समारंभ. नको म्हणत होत्या, तरी केला. कार्यक्रम संपल्यावर घरी आल्या, हिच्याजवळ बसल्या. निघताना दारात मी विचारलं, "ताई, आता मी काय करू?"

सवयीनं त्यांच्या तोंडून "तुम्हाला काय..." एवढं निघालं आणि त्या थांबल्या. माझे दोन्ही हात धरले. त्यांचे हात गार पडले होते. "मी त्या दिवशी खाली बसायला नको होतं," म्हणाल्या. मी म्हटलं, तुमचा काही दोष नाही. त्या गेल्या. संस्थेचं ऑफिस रिकामं झालं. नळ, पाळ्या, बैठका, सगळं आमचं आम्ही चालवतोय, एका दिवसाचाही खंड नाही.

१८ डिसेंबर

डॉक्टरांनी हिचं पाणी बांधून दिलंय. दिवसाला एक छोटा पेला, चहा-औषधं धरून. जास्त झालं तर छातीत साठतं, श्वास कोंडतो. गेल्या आठवड्यात एकदा झालंही, तेव्हापासून पेला माझ्या ताब्यात.

आणि आता हिला तहान लागते. इतकी, की बघवत नाही. ओठ फुटलेत, जीभ टाळूला चिकटते. दारासमोर सकाळ-संध्याकाळ नळ चालू. बायका हंडे भरतात, पोरं पाणी उडवतात, आणि ही खाटेवर डोळे मिटून ऐकत पडते. आज दुपारी म्हणाली, "अहो, एक घोट."

"मगाशीच घेतलास ना."

"अर्धा द्या."

मी नाही म्हटलं. काय बोलतोय मी, असं वाटलं, पण म्हटलं. मग सुती कापडाची एक पट्टी कापली, ओली केली, चांगली पिळली आणि तिच्या ओठांवरून फिरवली. नर्सनं तसं करायला सांगितलंय. तिनं डोळे उघडले नाहीत. नुसतं तोंड उघडलं, पट्टी दातांत धरली आणि चोखायला लागली. सोडेना. मी म्हटलं, अगं सोड, सोड ना, राणी, त्रास होईल तुला. हळूहळू ओढावी लागली तिच्या तोंडातून.

बाहेर नळावर कुणीतरी हाक मारत होतं, अध्यक्ष, तोटी गळतेय. मी उठलो नाही.